शिवानीचे तीन फोटो

जबाब
दिनांक १९ सप्टेंबर २०२५, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे

मी महारुद्र काशिनाथ हलकुडे, वय ५४ वर्षे, धंदा कापड दुकान, राहणार स्टेशन रोड, घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, आज रोजी बोलावल्यावरून ठाण्यात हजर आहे आणि विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी उमाबाई, वय ४९, हिच्यासह राहतो. आम्हाला शिवानी ही एकच मुलगी होती. ती अंबाजोगाईला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. सकाळच्या एसटीने जायची आणि साडेचारपर्यंत घरी यायची. दिनांक ११ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती डेंग्यूने लातूर येथील एका खाजगी दवाखान्यात मयत झाली. तेव्हा तिचे वय वीस वर्षे आठ महिने होते.

त्याच आठवड्यात पत्नीलाही डेंग्यू झाला होता. दोघी एकाच दवाखान्यात होत्या. मुलगी वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात आणि पत्नी खालच्या मजल्यावर. मी बहुतेक वेळ जिन्यात असायचो. मुलगी गेली त्या सकाळी डॉक्टर मला म्हणाले की, बाईंच्या प्लेटलेट नऊ हजारांवर आल्यात, त्यांना आत्ता काही कळू देऊ नका. मी कळू दिले नाही. त्याच दिवशी दुपारी घाटनांदूरला आमच्या लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे मुलीला समाधी दिली आणि संध्याकाळी मी परत लातूरला पत्नीजवळ गेलो. तिने विचारले, "शिवानीनं काही खाल्लं का?" मी म्हणालो, "थोडा भात खाल्ला." पुढचे पाच दिवस ती हेच विचारत होती आणि मी हेच सांगत होतो. सातव्या दिवशी तिला घरी आणले, तेव्हा सांगितले.

मुलीला गावी आणण्यापूर्वी, सकाळी पावणेआठच्या सुमारास, मी माझ्या मोबाईलवर तिच्या चेहऱ्याचे तीन फोटो काढले. पत्नी बरी झाल्यावर मुलीचे तोंड पाहायला मागेल, असे मला वाटले होते. त्याच वर्षी दिवाळीत पत्नीने खरेच विचारले, "एखादा फोटो तरी काढलता का तिचा, शेवटचा?" तिचा चेहरा बघून मी नाही म्हणालो. त्यानंतर खरे सांगायची वेळ आली नाही. ते फोटो मी स्वतःही पुन्हा उघडले नाहीत. ते मोबाईलमध्ये तसेच होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुलीचे पहिले पुण्यस्मरण होते. त्या दिवशी टीव्हीवर तिचे फोटो लावावेत, असे माझ्या मनात आले. फोटोंना गाणे कसे लावायचे म्हणून मी मोबाईलवर शोधले असता 'क्षणमाळ' नावाची ऑनलाइन सेवा सापडली. आपण फोटो द्यायचे आणि ती फोटोंची चालती माळ बनवून देते, तीही फुकट. दिनांक ४ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मी तीत खाते काढले. त्या सेवेने मुलीचे नाव, जन्मतारीख, घरातल्यांची नाती आणि त्यांचे मोबाईल नंबर विचारले. मी सगळे खरे भरले. 'आई' या रकान्यात पत्नीचा नंबर दिला. त्यानंतर सगळ्या फोटोंना परवानगी देता की निवडक, असे विचारले. निवडक दाबले तर ते एकेका फोटोला पुन्हा पुन्हा विचारत होते. दारात गिऱ्हाईक उभे होते. मी 'सगळे' दाबले. मोबाईलमधील नावे व नंबर बघण्याची परवानगी मागितली, तीही दिली.

मला विचारण्यात आले की सेवेच्या अटी वाचल्या होत्या काय. त्यावर सांगतो की नाही. अटी इंग्रजीत होत्या, बोटाने कितीही सरकवले तरी संपत नव्हत्या. खाली 'मान्य आहे' एवढेच मराठीत होते. आज मला त्या अटी ठाण्यात छापील स्वरूपात दाखवण्यात आल्या. त्या सव्वीस पानी आहेत. दिलेले फोटो आम्ही व आमचे सहयोगी वापरू, बदलू आणि पुढे देऊ शकतो, असे एकोणिसाव्या पानावर आहे, हे हवालदार वनमाला मॅडम यांनी मला मराठीत समजावून सांगितले. मी तीस वर्षे कापड विकतो. थानात डाग असला तर मी तो भाग उलगडून गिऱ्हाइकासमोर धरतो, मग कात्री लावतो. समोरचाही तसेच करत असेल असे मी धरून चाललो.

मी एकोणसाठ फोटो निवडले व चार मिनिटांची माळ तयार झाली. शेवटचे तीन फोटो मी निवडले नव्हते. पुण्यस्मरणाच्या दिवशी जंगम स्वामींची पूजा झाल्यावर ती माळ टीव्हीवर लावली. लोक रडले, पण पत्नी रडत नव्हती. ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "परत लावा." नंतर ती रोज दुपारी भांडी झाली की ती माळ बघायची. बघताना तिला दोन घास जाऊ लागले. हे मी आवर्जून सांगतो, कारण त्या माळेने आमचे आधी चांगलेच केले होते.

दिनांक २ डिसेंबर २०२४ रोजी, मुलीच्या जन्मतारखेला, माझ्या मोबाईलमधील सर्व नंबरांवर 'क्षणमाळ'कडून संदेश गेला की, "शिवानी आज बावीस वर्षांची झाली! तिला शुभेच्छा द्या." सोबत तिचा फोटो व फुगे होते. मला त्या दिवशी सत्तेचाळीस फोन आले. ज्यांना माहीत होते ते चिडून विचारत होते की ही काय थट्टा आहे. सुरतेच्या एका व्यापाऱ्याला माहीत नव्हते. त्याने पेढे मागितले. मी त्याला पाठवतो म्हणालो. त्या वेळी मी तक्रार दिली नाही. यंत्राची चूक असेल असे वाटले.

दिनांक १६ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी पत्नीची बहीण केशरबाई, राहणार युसूफ वडगाव, हिचा पत्नीला फोन आला की, मोबाईलवर शिवानी दिसली, ती बोलत होती. केशरबाईने ती जाहिरात पाठवली. मी दुकानातून घरी आलो तेव्हा पत्नी ती बघत होती. जाहिरात पुण्यातील एका इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासची होती. चेहरा आमच्या मुलीचा होता. अंगात निळा कोट होता, तसा कोट तिच्याकडे कधी नव्हता. फोटो हलत होता. ती म्हणत होती, "नमस्कार, मी मोहिनी. मी घर सोडून पुण्यात आले, आज स्वतःच्या पायावर उभी आहे." आवाज दुसऱ्या कोणाचा तरी होता. बोलून झाल्यावर ती मान डावीकडे कलती करून हसत होती. आमची मुलगी तशीच हसायची.

मी पत्नीला म्हणालो की हे कॉम्प्युटरवर बनवलेले आहे. त्यावर ती जे बोलली ते तिच्या शब्दांत सांगतो. ती म्हणाली, "तुमी मला तिला दाखवलं न्हाई. माती देताना मी नव्हते. तुमी सांगितलं आन् मी मानलं. आता डोळ्यानं दिसतंय ते कावून मानू नको?" मी म्हणालो, "उमा, मी माझ्या हातानं तिला ठिवलंय." ती म्हणाली, "खाल्लं म्हणूनबी तुमीच सांगितलतं."

तेव्हा ते तीन फोटो खिशातल्या मोबाईलमध्ये होते. ते दाखवले असते तर विषय तिथेच मिटला असता. मी दाखवले नाहीत. तिला त्रास होऊ नये म्हणून, असे मी आजवर म्हणत आलो. खरे कारण असे की, फोटो नाहीत असे मी एकदा बोलून बसलो होतो.

दिनांक ३ मार्च २०२५ रोजी मी दुकानात असताना पत्नी कोणाला न सांगता घरातून निघाली. अंबाजोगाईहून पुण्याची एसटी धरून ती गेली. जाहिरातीत क्लासचा पत्ता होता. ती याआधी एकटी लातूरच्या पुढे गेलेली नव्हती. रात्रभर मी नातेवाइकांकडे शोध घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता मला अनोळखी नंबरवरून फोन आला. क्लासचा वॉचमन बोलत होता. तो म्हणाला, "काका, तुमच्या मंडळी इथं जिन्यात बसल्यात. मोहिनीला भेटल्याशिवाय उठत न्हाईत. इथं मोहिनी नावाचं कुणीच न्हाई."

मी जीप करून संध्याकाळी पोहोचलो. क्लासमधील एका बाईने मला सांगितले की, जाहिरात आम्ही बनवत नाही, बनवणारी कंपनी वेगळी आहे, तिला चेहरे कुठून मिळतात ते आम्हाला ठाऊक नाही. तिने पत्नीला चहा दिला होता. तो तसाच होता. पत्नीच्या मांडीवर फडक्यात बांधलेले दहा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. परत येताना तिने ते गाडीत उघडले नाहीत. मलाही खा म्हणाली नाही. घरी आल्यावर तिने ते गाईला घातले.

त्यानंतर मी 'क्षणमाळ'ला ईमेलने कळवले की माझ्या मुलीचा फोटो परवानगीशिवाय वापरला आहे, तो काढावा. चार दिवसांनी उत्तर आले की, ज्या व्यक्तीचा फोटो आहे तिने स्वतः अर्ज करावा. ती मयत आहे असे मी कळवले. त्यांनी पुरावा मागितला. मी मृत्यूचा दाखला पाठवला. त्यावर उत्तर आले की, आपले खाते आता स्मृती खाते करण्यात आले आहे. त्याचा अर्थ मला कळला नाही. जाहिरातीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. जाहिरात चालूच राहिली.

दिनांक ११ ऑगस्ट २०२५ रोजी मुलीला दोन वर्षे झाली. सकाळी पूजा करून मी दुकानात गेलो. दुपारी सव्वाएकच्या सुमारास शेजारच्या सारजाबाई दुकानात येऊन म्हणाल्या, "मालक, घरी चला. उमाबाई बोलंना गेल्यात." मी घरी गेलो. पत्नी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. समोर सुपात तूर होती, अर्धी निवडलेली. हातात मोबाईल होता आणि त्यातून गाण्याची चाल चालू होती. वाढदिवसाला वाजवतात तसली चाल होती.

'क्षणमाळ'ने तिच्या नंबरवर एक नवी माळ आपोआप पाठवली होती. वर लिहिले होते, "आई, दोन वर्षांपूर्वी याच दिवशी." दाखल्यावरून त्यांना तारीख मिळाली होती आणि 'सगळे' दाबल्यामुळे त्या तारखेचे फोटो त्यांच्याकडे आधीच होते. माळेत तीनच फोटो होते. ते एकामागून एक येत होते आणि संपले की पुन्हा सुरू होत होते.

मी तिच्या हातातून मोबाईल घ्यायला गेलो. तिने दिला नाही. ती म्हणाली, "तुमच्यापाशी होतं हे. दोन वर्षं." मग तिने बोट ठेवून फोटो मोठा केला आणि म्हणाली, "लई थकलीय. ओठ कोरडे पडलेत तिचे. पाणी लावलं न्हाई कुणी?" मी सांगितले की लावले होते, मी लावले होते. ती म्हणाली, "काय म्हाईत."

त्याच दिवशी संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान मी पुढील कृत्य केले. माझ्या मोबाईलमधील ते तीन फोटो पुसले. कचरापेटीत गेलेलेही तिथून पुसले. पत्नीच्या मोबाईलवरील संदेश काढून टाकला. नंतर 'क्षणमाळ'मध्ये जाऊन 'खाते कायमचे बंद करा' हे दाबले. तुमची सर्व माहिती व फोटो पुसले जातील, असे लिहून आले. मी 'होय' दाबले. हे सर्व मी संतापाच्या भरात केले. तिने पुन्हा ते बघू नये एवढाच माझा विचार होता. तिला विचारले नाही.

दिनांक १४ ऑगस्ट रोजी सकाळी पत्नी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून माझ्यासमोर येऊन बसली. दोन वर्षांत ती इतक्या शांतपणे बोललेली मला आठवत नाही. ती म्हणाली, "दाखवा आता. दोघं मिळून बघू. मी रडणार न्हाई, नीट बघते." मी सांगितले की फोटो पुसले. तिला आधी समजलेच नाही. मी पुन्हा सांगितले. ती म्हणाली, "पयलं तिचं मरण लपवलंत. मग तोंड लपवलंत. आता तेबी पुसलंत." एवढे बोलून ती उठली. त्या दिवसापासून ती माझे सगळे करते. वेळेवर जेवायला वाढते, कपडे धुते. माझ्याशी कामापुरते बोलते.

मी गावातील मोबाईल दुरुस्ती करणारे सोमनाथ यांच्याकडे दोन्ही मोबाईल नेले. त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला व निघत नाही असे सांगितले. ते म्हणाले की, कंपनीकडे अजून असतील, खाते बंद केले तरी महिनाभर ठेवतात. मी 'क्षणमाळ'ला चार ईमेल केले की, खाते बंद करू नका, फोटो परत द्या. चारही वेळा एकच उत्तर आले की, आपली विनंती मिळाली आहे, तीस दिवसांत आपली माहिती पुसली जाईल. मी पुसू नका म्हणत होतो. ते पुसतो म्हणून धीर देत होते.

म्हणून दिनांक २२ ऑगस्ट रोजी मी या ठाण्यात तक्रार दिली. त्या वेळी पत्नी सोबत होती. साहेबांनी विचारले की, तुम्हाला नेमके काय पाहिजे, फोटो काढून टाकायचे की परत पाहिजेत. त्याचे उत्तर पत्नीने दिले. ती म्हणाली, "साहेब, त्या जाहिरातीत हसतीय ती माझी न्हाई. ती काढून टाका. निजलीय ती माझी हाय. ती मला द्या." साहेबांनी तसे पत्र कंपनीला पाठवले.

आज मला बोलावून कंपनीचे उत्तर दाखवण्यात आले. ते दिनांक १६ सप्टेंबरचे आहे. वनमाला मॅडम यांनी ते मराठीत सांगितले, त्यावरून मला समजले ते असे. पोलिसांचे पत्र २८ ऑगस्टला मिळाल्याचे कंपनी मान्य करते. मात्र खातेदाराच्या विनंतीनुसार खाते व त्यातील सर्व फोटो १० सप्टेंबर रोजी यंत्रणेने आपोआप पुसले असून ते परत मिळवता येणार नाहीत. मयताच्या चेहऱ्याचे चित्र नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सहयोगी कंपनीला अटींनुसार देण्यात आले होते. ते आता त्या कंपनीचे आहे आणि ते काढणे 'क्षणमाळ'च्या हातात नाही.

म्हणजे जे पत्नीने मागितले होते ते राहिले नाही. जे नको म्हणाली होती ते चालू आहे. आज सकाळी येताना मोबाईलवर मला ती जाहिरात पुन्हा दिसली. आता कोट पिवळा आहे.

पोलिसांचे पत्र मिळूनही फोटो पुसल्याबद्दल, माझ्या मुलीचा चेहरा दुसऱ्याला दिल्याबद्दल आणि तो अजून वापरत असल्याबद्दल दोन्ही कंपन्यांविरुद्ध माझी तक्रार आहे. त्याचबरोबर मला हेही नोंदवायचे आहे की ते फोटो पुसण्याची पहिली आज्ञा माझी होती. कोणी मला भाग पाडले नव्हते.

कंपनीचे उत्तर पत्नीला अजून माहीत नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे. फोटो आज मिळतील या आशेने ती आली आहे. तिने सोबत स्वतःचा मोबाईल पूर्ण चार्ज करून आणला आहे. साहेबांनी विचारले की, बाईंना आम्ही सांगू का, की तुम्ही घरी गेल्यावर सवडीने सांगाल. मी म्हणालो की सवडीने नको. हा जबाब मला वाचून दाखवताना तिला आत बोलवावे आणि पहिल्या ओळीपासून तिच्यासमोर वाचावा, अशी माझी विनंती आहे. जिन्यातले, भाताचे, दिवाळीचे, सगळे. यापुढे तिच्यापासून काही लपवायचे नाही.

वरील मजकूर मी सांगितला तसा हवालदार वनमाला यांनी संगणकावर लिहून घेतला. माझ्या विनंतीवरून पत्नी उमाबाई हिला आत बोलावून तो तिच्यासमक्ष मोठ्याने वाचण्यात आला. कंपनीच्या उत्तराच्या परिच्छेदाशी आल्यावर वाचणाऱ्या मॅडम थांबल्या. तेव्हा पत्नी म्हणाली, "थांबू नका बाई. वाचा." त्याप्रमाणे जबाब शेवटपर्यंत वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खरा आहे.

सही
महारुद्र काशिनाथ हलकुडे

वाचन ऐकले
उमाबाई महारुद्र हलकुडे